लिंबातली वीज संपली का?

प्रश्न थोडक्यात असा. जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या एका ताईंनी वर्गात लिंबांपासून वीज करून दाखवली. सहा लिंबं, प्रत्येकात एक तांब्याची तार आणि एक जस्ताचा मुलामा असलेला खिळा. मीटरवर पाच व्होल्टच्या वर आकडा दिसला, मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण टॉर्चचा बल्ब काही लागला नाही. लाल एलईडी लागला, तोही पाचेक मिनिटांत मंदावला. तेव्हा एका मुलीने विचारलं, "बाई, लिंबातली वीज संपली का?" या मुलीला काय सांगायचं, बल्ब का लागला नाही, आणि बटाटा उकडून घेतला तर दहापट वीज मिळते हे खरं का, असे ताईंचे तीन प्रश्न आहेत.

ताई, मी सव्वीस वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं आणि हा प्रयोग जवळपास दरवर्षी केला. तुमच्या त्या मुलीचा प्रश्न मला फार आवडला. बल्ब लागला असता तर तिने तो विचारलाच नसता. तिला द्यायचं खरं उत्तर एका वाक्याचं आहे: लिंबात वीज नव्हतीच, त्यामुळे ती संपलीही नाही, जे खर्च होत होतं ते खिळ्यावरचं जस्त. पण हे वाक्य लगेच सांगू नका. तिला ते स्वतःच्या हाताने शोधता येतं, आणि त्याला दोन तासिका पुरतात.

मी त्याची सुरुवात स्वयंपाकघरातून करते. आंबट पदार्थ तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवला की कळकतो, हे अजूनही बऱ्याच मुलांनी आजीकडून ऐकलेलं असतं. ताक, चिंचेची आमटी, लिंबाचं सरबत तांब्याच्या भांड्यात ठेवायचं नाही, ठेवायचं तर आतून कल्हई हवी. म्हणजे आंबट रस आणि धातू यांच्यात काहीतरी घडतं, हे आपल्या घरांना व्होल्टमीटर येण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. जस्त तर तांब्यापेक्षा कितीतरी लवकर विरघळतं. जस्ताचा तुकडा नुसता लिंबाच्या रसात टाकला तरी त्यावर बारीक बुडबुडे येतात. विरघळताना जस्ताचा प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवतो आणि आयन, म्हणजे विद्युतभार असलेला कण, होऊन रसात जातो. ते इलेक्ट्रॉन तारेतून तांब्याकडे जातात आणि तिथे रसातल्या हायड्रोजन आयनांना मिळतात. वाटेत आपण एलईडी ठेवला तर तो लागतो. बस, इतकंच. विरघळतं ते जस्त, रस्ता देतो तो रस, आणि तांबं ही देवघेव होण्याची जागा.

इथे एक चूक पुष्कळ वहीत आणि तक्त्यांवर दिसते. जस्त आणि तांब्याच्या विभवांतराचा, म्हणजे व्होल्टमध्ये मोजल्या जाणाऱ्या फरकाचा, पुस्तकी आकडा 1.10 व्होल्ट, म्हणून लिंबातही तांब्याचे आयन तांब्यावर बसतात असं लिहिलं जातं. तो 1.10 व्होल्टचा आकडा डॅनियलच्या 1836 सालच्या घटाचा आहे, ज्यात तांब्याच्या पट्टीभोवती मोरचुदाचं, म्हणजे तांब्याच्या क्षाराचं, द्रावण असतं. लिंबात मोरचूद नाही. तिथे तांब्यावर मुख्यतः हायड्रोजन तयार होतो, शिवाय सुरुवातीला तांब्यावरचा ऑक्साइडचा पातळ थर आणि रसात विरघळलेला ऑक्सिजनही इलेक्ट्रॉन घेतात. म्हणून मीटरवर साधारण 0.9 ते 1 व्होल्ट दिसतो, आणि वापर सुरू केला की तो उतरतो. तुमच्या सहा लिंबांचे पाच-साडेपाच व्होल्ट अगदी बरोबर आहेत.

आता मुलांनी काय करायचं ते सांगते. वर्गाचे गट पाडा आणि पहिल्या तासिकेला एकच प्रश्न द्या: व्होल्ट कशावर ठरतात, फळावर की धातूवर? एका गटाने तांब्याची तार आणि जस्ताचा खिळा ही जोडी कायम ठेवून फळं बदलायची. लिंबू, टोमॅटो, बटाटा, काकडी, कांदा, कैरीचा हंगाम असेल तर कैरी. दुसऱ्या गटाने लिंबू तेच ठेवून धातू बदलायचे. तांबं-जस्त, तांबं-लोखंड, तांबं-अॅल्युमिनियम, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तांबं-तांबं. तिसऱ्या गटाला फळच द्यायचं नाही. त्यांना पेल्यात मिठाचं पाणी द्यायचं आणि तीच तार, तोच खिळा.

पहिल्या गटाचे आकडे एकमेकांच्या जवळजवळ येतात, 0.8 ते 1 व्होल्टच्या आसपास. लिंबू आंबट, काकडी पाणचट, कांदा तिखट, तरी व्होल्ट साधारण तेच. दुसऱ्या गटाचे आकडे मात्र धातूगणिक उड्या मारतात. जस्ताऐवजी साधा लोखंडी खिळा घातला की व्होल्ट निम्म्यावर येतात. अॅल्युमिनियमची पट्टी कागदावर जस्तापेक्षा जोरदार, पण तिच्यावर ऑक्साइडचा घट्ट थर असतो, त्यामुळे प्रत्यक्षात तीही मागे पडते. एखाद्या शाळेकडे मॅग्नेशियमची फीत असेल तर तांब्याबरोबर दीड व्होल्टच्या पुढे जाते आणि मुलं उठून उभी राहतात. तांबं-तांबं या जोडीला जवळजवळ शून्य. लिंबू तेच, रस तोच, आणि वीज नाही! आणि तिसरा गट, ज्याला आपल्यावर अन्याय झाला असं वाटत होतं, तो फळाशिवाय तेवढेच व्होल्ट घेऊन बसलेला असतो. या क्षणी वर्गात जी शांतता पसरते ती मी दरवर्षी वाट पाहून अनुभवली आहे.

हा वाद मुलांचा पहिला नाही. इटलीत बोलोन्याला लुईजी गॅल्व्हानी यांना मेलेल्या बेडकाचे पाय दोन वेगळ्या धातूंचा स्पर्श झाला की उडताना दिसले. 1791 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि वीज प्राण्याच्या शरीरातच असते असं सांगितलं. पाव्हियाचे अलेस्सांद्रो व्होल्टा म्हणाले, नाही, बेडूक हा फक्त ओला दुवा आहे, वीज दोन धातूंमुळे येते. ते सिद्ध करायला त्यांनी बेडूक काढून टाकला आणि चांदी-जस्ताच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे ठेवून चळत उभी केली. 20 मार्च 1800 या तारखेच्या पत्राने त्यांनी ही चळत लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवली. जगातली पहिली बॅटरी ती. तुमच्या तिसऱ्या गटाने फळ काढून मिठाचं पाणी घेतलं, तेव्हा त्यांनी व्होल्टांचंच काम केलं, हे त्यांना जरूर सांगा. आणि व्होल्टांचंही सगळं बरोबर नव्हतं, हेही सांगा. नुसता दोन धातूंचा स्पर्श पुरतो असं त्यांना वाटत होतं. जस्त विरघळतं आणि ऊर्जा त्यातून येते, हे पुढच्या पिढ्यांनी दाखवलं. आठवीच्या मुलाला हे ऐकून बरं वाटतं की इतक्या मोठ्या माणसाचंही उत्तर अर्धं होतं.

आता बल्बाकडे येऊ, कारण बहुतेक शिक्षक इथेच हिरमुसतात. मीटर पाच व्होल्ट दाखवतो, टॉर्चचा बल्ब अडीच व्होल्टचा, मग लागायला हवा की! गडबड अशी की डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ काहीच धारा घेत नाही. त्याने सांगितलेले व्होल्ट हे काम न करणाऱ्या लिंबाचे आहेत. बल्ब जोडलेला असतानाच मीटरच्या सळ्या बल्बाच्या दोन टोकांना लावून बघा. आकडा पाचावरून कोसळून शून्याजवळ येतो. हे मुलांना दाखवल्याशिवाय विभवांतर आणि विद्युतधारा यांतला फरक त्यांच्या डोक्यात शिरत नाही असा माझा अनुभव आहे. पुस्तकातली पाण्याच्या टाकीची उपमा देऊन मी बरीच वर्षं घसा कोरडा केला, पण या एका कोसळणाऱ्या आकड्याने जे समजतं ते उपमेने समजत नाही.

फळ्यावर हिशोब मांडा. मीटर मिलिअँपिअरवर ठेवून एका लिंबाच्या दोन टोकांना क्षणभर थेट लावला तर खिळा आणि तार किती खोल आहेत त्यानुसार साधारण 1 मिलिअँपिअर धारा मिळते. 0.9 व्होल्टला 1 मिलिअँपिअरने भागलं की लिंबाचा अंतर्गत रोध, म्हणजे धारेला आतून होणारी अडवणूक, आला सुमारे 900 ओहम. सहा लिंबं एकापुढे एक जोडली की व्होल्ट सहापट होतात, पण रोधही सहापट, म्हणून धारा 1 मिलिअँपिअरच्या वर कधीच जात नाही. टॉर्चच्या 2.5 व्होल्टच्या बल्बाला हवेत 300 मिलिअँपिअर. शक्तीच्या भाषेत बल्ब मागतो 0.75 वॅट. आपलं लिंबू जास्तीत जास्त अर्ध्या व्होल्टेजला अर्धी धारा देतं, म्हणजे 0.45 व्होल्ट आणि 0.5 मिलिअँपिअर, फार तर 0.0002 वॅटच्या थोडं वर. भागाकार मुलांकडूनच करून घ्या. उत्तर तीन हजार लिंबांच्या वर जातं.

मोठ्या प्रमाणावर हे खरोखर करून पाहिलेलं आहे. 2021 साली इंग्लंडमध्ये मँचेस्टरला रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री आणि प्राध्यापक सैफुल इस्लाम यांनी 2,923 लिंबं एकापुढे एक जोडून 2,307.8 व्होल्ट मिळवले आणि जागतिक विक्रम नोंदवला. दर लिंबामागे 0.79 व्होल्ट पडतो, म्हणजे तुमच्या वर्गातल्या लिंबापेक्षा काही वेगळं नाही. आपल्या घरी 230 व्होल्टचा पुरवठा असतो. त्याच्या दहापट व्होल्ट, पण एकापुढे एक जोडलेल्या त्या सगळ्या लिंबांतून धारा तीच एका लिंबाची.

म्हणून बल्ब सोडा आणि लाल एलईडी घ्या. लाल एलईडीला 1.7-1.8 व्होल्ट लागतात आणि अर्ध्या मिलिअँपिअरलाही तो डोळ्यांना दिसतो. तीन लिंबांवर मिणमिणतो, चारांवर बरा दिसतो. काळ्या कागदाची सुरळी करून त्यावर धरली तर शेवटच्या बाकावरच्या मुलालाही जवळ येऊन बघता येतो. पांढऱ्या किंवा निळ्या एलईडीला तीन व्होल्टच्या आसपास हवेत, त्यामुळे निदान पाच-सहा लिंबं. एक गंमत मोठ्या मुलांना हिशोबाला द्या: लाल एलईडीसाठी सहा लिंबं एका ओळीत जोडली तर धारा सुमारे 0.69 मिलिअँपिअर येते, आणि तीन-तीनच्या दोन ओळी करून समांतर जोडल्या तर 0.74. फारसा फरक नाही. उजेड खरा वाढतो तो धातू रुंद केल्याने. खिळ्याऐवजी जस्ताची पट्टी, तारेऐवजी तांब्याची पट्टी, दोन्ही जवळजवळ पण एकमेकांना न लागता, आणि जितक्या खोल जातील तितक्या. रसात बुडालेलं क्षेत्रफळ दुप्पट झालं की रोध साधारण निम्मा होतो.

ज्या शाळेत मीटरच नाही त्यांच्यासाठी एक युक्ती. जुना वायरचा इअरफोन घ्या. एका लिंबाच्या दोन टोकांपैकी एक पिनच्या टोकाला आणि दुसरं पिनच्या बुडाकडच्या धातूला लावलं की कानात "टक" असा आवाज येतो. काढलं की पुन्हा टक. एकच लिंबू पुरतं, आणि ज्या मुलांना दिसत नाही त्यांनाही हा प्रयोग पूर्ण करता येतो. माझ्या वर्गात एक अंध मुलगा होता. तांबं-तांबं जोडीला वीज नाही हे त्या वर्षी सगळ्यात आधी त्याने ओळखलं, कारण त्याला टक ऐकू आला नाही.

आता एलईडी पाच मिनिटांत का मंदावला? हे थेट तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आहे, म्हणून दुसरी तासिका पूर्ण याला द्या. तांब्यावर तयार झालेला हायड्रोजन बारीक बुडबुड्यांच्या रूपाने तिथेच चिकटून बसतो आणि रसाला तांब्यापर्यंत पोहोचू देत नाही. ऑक्साइड आणि ऑक्सिजनची सुरुवातीची शिदोरीही तेवढ्यात संपलेली असते. मंदावलेल्या एलईडीच्या लिंबांमधून तांब्याच्या तारा बाहेर काढायला सांगा, पुसून पॉलिश पेपरने जरा घासायच्या आणि परत खुपसायच्या. एलईडी पुन्हा उजळतो. लिंबू तेच, खिळा तोच. मग लिंबातली वीज संपली होती का? मुलगी स्वतःच मान हलवेल.

त्यानंतरची पायरी घरी किंवा शाळेच्या कपाटात करायची. एका लिंबातला खिळा आणि तार एकमेकांना तारेने थेट जोडून एक-दोन दिवस तशीच ठेवा. पत्र्याच्या स्क्रूवर किंवा स्वस्त खिळ्यावर जस्ताचा मुलामा अगदी पातळ असतो. दोन दिवसांनी खिळा बाहेर काढला तर बुडालेला भाग काळपट, खरबरीत दिसतो आणि खालचं लोखंड उघडं पडलेलं असतं. हा जुना खिळा ताज्या लिंबात घाला आणि नवा खिळा जुन्या, सुरकुतलेल्या लिंबात. कुठे व्होल्ट पूर्ण येतात? जुन्या लिंबात. ताजं, रसरशीत लिंबू झिजलेल्या खिळ्याला वाचवू शकत नाही. माझ्या मते या अदलाबदलीशिवाय हा प्रयोग अर्धाच राहतो, आणि विज्ञान प्रदर्शनात ती केलेली मी क्वचितच पाहिली.

याच ठिकाणी आठवीच्या कोरड्या विद्युत घटाच्या धड्याशी गाठ मारा. सेलचं बाहेरचं भांडं जस्ताचं, तेच विरघळतं. आत अमोनिअम क्लोराइडचा ओला लगदा, तो आपल्या लिंबाच्या रसाच्या जागी. आणि काळी मँगनीज डायऑक्साइडची भुकटी कशाला? तर नेमकं ते हायड्रोजनचं काम निस्तरायला. फ्रेंच संशोधक लेक्लांशे यांनी 1866 साली आपल्या घटात हीच युक्ती केली. लिंबू मंदावताना पाहिलेल्या मुलाला ही काळी भुकटी कधी पाठ करावी लागत नाही. पण जुने सेल फोडून जस्त काढायला मुलांना सांगू नका. भुकटी आणि गळलेला लगदा हातांना, डोळ्यांना चांगला नाही.

बटाट्याचं तुम्ही ऐकलं ते खरं आहे. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या संशोधकांनी 2010 साली असं प्रसिद्ध केलं की उकडलेला बटाटा कच्च्या बटाट्याच्या तुलनेत दहापटीपर्यंत शक्ती देतो. कारण समजायला सोपं आहे: उकडल्याने पेशींची आवरणं फुटतात, आतले क्षार मोकळे होतात आणि रोध कमी होतो. व्होल्ट साधारण तेवढेच राहतात, धारा वाढते. त्यांच्याही प्रयोगात ऊर्जा जस्ताचीच होती, बटाटा हा दोन धातूंमधला क्षारांचा पूल. माझ्या वर्गात दहापट कधी आली नाही, पण फरक नजरेत भरण्याएवढा नक्की असायचा. आठ-दहा मिनिटं उकडा, गर होऊ देऊ नका, नाहीतर खिळा उभा राहत नाही. लिंबाला याच कारणासाठी आधी टेबलावर तळहाताखाली चांगलं रोळून घ्यायचं. आतले पडदे फाटतात, रस एकत्र होतो आणि तार एका फोडीत व खिळा दुसऱ्या फोडीत अशी अडवणूक होत नाही.

प्रयोग फसतो त्याची कारणं बहुतेक वेळा लिंबात नसतातच. सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली चूक म्हणजे मोटारीच्या वाइंडिंगची तार. दिसायला लखलखीत तांबं, पण वर वॉर्निशचा थर. एका शाळेत याच कारणाने वीस लिंबांची रांग दिवसभर मुकी बसली होती, आणि पॉलिश पेपरचे चार फटकारे मारल्यावर पाच मिनिटांत चालू झाली. घराच्या वायरिंगची वायर सोलून घेतलेली सर्वांत भरवशाची. पुण्यात राहणाऱ्यांनी कसब्यातल्या तांबट आळीत जाऊन पट्ट्यांची कात्रणं मिळतात का विचारावं. भांडी घडताना पाहायची संधी वर. दुसरी चूक एलईडीची उलटी जोडणी. लांब पाय तांब्याकडे, आखूड खिळ्याकडे. तिसरी, जुन्या टीव्हीच्या रिमोटमधून काढलेला एलईडी. तो अवरक्त असतो, लागला तरी डोळ्यांना दिसत नाही. चौथी, क्लिपचा दात रसात बुडालेला. मग क्लिपचं लोखंड तिसरा धातू होऊन मध्ये लुडबुड करतं. पाचवी चूक मुलांची आणि फार शिकवणारी आहे: एकाच लिंबात दोन तारा, दोन खिळे खुपसून ते एकापुढे एक जोडायचे, म्हणजे व्होल्ट दुप्पट. होत नाहीत, कारण रस सगळ्यांना आतून जोडून टाकतो. त्याच कारणाने बाकावर सांडलेल्या रसात लिंबं एकमेकांना टेकून ठेवायची नाहीत.

अन्नाच्या नासाडीचं मला मनापासून वाटतं, म्हणून सांगते. उन्हाळ्यात लिंबू महाग असतं आणि ज्या मुलांच्या डब्यात ते रोज येत नाही त्यांच्यासमोर डझनभर लिंबं वाया घालवणं योग्य नाही. फ्रीजमधला बर्फाचा ट्रे घ्या. एका-दोन सुकलेल्या लिंबांचा रस पाणी आणि चिमूटभर मीठ घालून खणांमध्ये ओता. प्रत्येक खणात एक खिळा, एक तार, आणि पुढच्या खणाला जोडणी. दोन लिंबांत बारा घट. खण काठोकाठ भरू नका, रस एका खणातून दुसऱ्यात गेला की संपलं. कोकणातल्या शाळांनी कोकमाचं आगळ वापरून बघावं, त्यात मीठ आधीच असतं आणि धारा छान येते. चिंचेचा कोळ, आंबट ताक, सगळं चालतं. मी ट्रेचाच प्रयोग जास्त पसंत करते, कारण त्यात फळाचा आकारच नाहीसा होतो आणि मुलांचं लक्ष धातूकडे जातं. प्रयोगानंतरचं फळ किंवा रस कोणीही खायचा-प्यायचा नाही, त्यात जस्ताचे आणि थोडे तांब्याचेही क्षार उतरलेले असतात. हे सुरुवातीलाच सांगा. उकडलेल्या बटाट्याकडे मुलांचे हात जातात.

दहावीपर्यंतची हुशार मुलं पुढचा प्रश्न विचारतात: मग जस्तात ऊर्जा आली कुठून? जस्त निसर्गात सुटं सापडत नाही, खनिजातून काढावं लागतं. आपल्या देशात राजस्थानात उदयपूरजवळ जावरला कित्येक शतकांपूर्वी मातीच्या मुशींतून जस्ताचं ऊर्ध्वपातन करून ते काढत, त्या मुशींचे ढीग आजही तिथे आहेत. आज एक किलो जस्त विद्युत अपघटनाने काढायला साधारण तीन युनिट वीज लागते. आणि परत काय मिळतं? 1 मिलिअँपिअर धारा तासभर चालायला 1.2 मिलिग्रॅम जस्त लागतं. त्या हिशोबाने एक किलो जस्त लिंबाच्या रसात पूर्ण विरघळवलं, तर अर्ध्या व्होल्टच्या आसपास मिळून अर्धं युनिटही हातात येत नाही. प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण जस्त तारेतून इलेक्ट्रॉन न पाठवता नुसतंही विरघळत असतं. म्हणजे कारखान्यात भरलेल्या ऊर्जेतला थोडासा भाग आपण वर्गात परत घेतो. लिंबांवर गाव उजळेल असं स्वप्न प्रदर्शनातल्या तक्त्यावर रंगवलेलं दिसलं की मी त्या मुलांना शेजारी बसवून हा हिशोब करून घेत असे. नाराज कोणी झालं नाही. उलट एका मुलाने तक्त्याच्या पाठीमागे हाच हिशोब मोठ्या अक्षरात लिहिला आणि परीक्षकांना तीच बाजू दाखवली.

28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तुम्ही हा प्रयोग मांडणार असाल तर मांडणी अशी करा. एका बाजूला लिंबं, त्यांच्या शेजारी मिठाच्या पाण्याचे पेले, आणि मध्ये दोन तांब्याच्या तारा खुपसलेलं एकटं लिंबू, ज्याचा मीटर शून्य दाखवतो. झिजलेला आणि नवा असे दोन खिळे बशीत ठेवा. "लिंबापासून वीज" ही पाटी काढा. नवी पाटी काय असावी ते ठरवायचं काम त्या मुलीलाच द्या.